फ्लॉप्यांची यादी कशात करायची?

विषय ऐकून कुणीही म्हणेल, फ्लॉपी आता राहिलीय कुठं? सोनी कंपनीनं तिचं उत्पादन २०११ मध्येच थांबवलं. माहिती फ्लॉपीवरच द्यावी असे जपान सरकारचे जे नियम होते, तेही २०२४ मध्ये निघाले. पण फ्लॉपी गेली म्हणून तिच्यावरचा मजकूर कुठं गेला?

आपल्या नगरमध्ये नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली डीटीपीची सेंटरं निघाली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभेची पुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, सगळं तिथं टाइप व्हायचं. काम छापून झालं की मजकूर फ्लॉपीवर, फ्लॉपी खोक्यात आणि खोकं माळ्यावर. असं एक सेंटर बंद झालं आणि त्याची खोकी आम्हा चार-पाच जणांकडे आली. मोजल्या तर ५४० फ्लॉप्या, सगळ्या साडेतीन इंची. एकीत १.४४ एमबी, म्हणजे सगळ्या मिळून आठशे एमबीच्या आत. जागेचा प्रश्नच नव्हता. कशात काय आहे, हे कळायचं कसं, हा प्रश्न होता.

आमच्यातले एक निवृत्त ग्रंथपाल. ते लगेच म्हणाले, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्या. एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ आहे, ‘कोहा’ तर फुकट आहे. दोन्ही चांगली, यात वाद नाही. पण ती पुस्तकासाठी बांधलेली. लेखक कोण, प्रकाशक कोण, पानं किती, असं विचारतात. फ्लॉपी म्हणजे पुस्तक नव्हे, ती ट्रंक आहे. एकीत एक अहवाल, तीन पत्रिका, कुणाचा तरी बायोडेटा आणि एखादा विषाणूसुद्धा.

तरुण मुलांचा कल दुसरीकडे होता. डिस्कची यादी करणारी खास सॉफ्टवेअरं असतात. ‘कॅथी’ नावाचं एक इवलंसं आहे, ‘व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू’ नावाचं एक मुक्त आहे. डिस्क घातली की ते आतल्या सगळ्या फायलींची नावं, आकार आणि तारखा टिपून घेतं. मग डिस्क कपाटात असली तरी शोध घेता येतो. काम झटपट होतं. आम्ही वीस फ्लॉप्या घातल्या आणि यादी पाहिली. ‘एसएमआर२’, ‘पीटीएस९६’, ‘बीएचजी१’. डॉसच्या काळात फाइलीचं नाव आठ अक्षरांचं, त्यापुढं ठिपका आणि आणखी तीन अक्षरं. त्यात कोण काय लिहिणार? डिस्कला स्वतःचं नाव द्यायला अकरा अक्षरं मिळायची, ती कुणी भरलेलीच नव्हती. तारखांची तर मजाच. कितीतरी फायली १ जानेवारी १९८० च्या! तेव्हा नगरमध्ये असं सेंटरच नव्हतं. संगणकातली घड्याळाची बॅटरी संपली की जुनी यंत्रं त्या तारखेवर जाऊन बसायची, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे यंत्राला जे दिसतं ते सॉफ्टवेअर टिपतं. पण खरी माहिती फ्लॉपीच्या चिकटपट्टीवर होती, बॉलपेननं लिहिलेली, अर्धी पुसलेली. आणि उरलेली एका बाईंच्या डोक्यात. त्या सेंटरमध्ये पंधरा वर्षं ऑपरेटर होत्या. त्यांना बोलावलं. चष्मा सावरत त्या म्हणाल्या, “सर, एसएमआर म्हणजे स्मरणिका. पीटीएस म्हणजे पतसंस्था. आणि बीएचजी म्हणजे ते भाग पाडलेलं मोठं काम, एका फ्लॉपीत मावायचं नाही ना!” दोन दुपारी त्या बसल्या, तेवढ्यात निम्मी खोकी बोलकी झाली. ताई चहाशिवाय काही घेईनात.

तेव्हा माझं मत असं झालं, की सॉफ्टवेअर निवडताना दोनच गोष्टी आधी विचाराव्यात. यंत्राला न दिसणारी माहिती लिहायला त्यात जागा आहे का? आणि उद्या ते बंद पडलं तर यादी बाहेर काढता येईल का? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. युनेस्कोचं ‘सीडीएस-आयसिस’ एके काळी आपल्या देशातल्या अनेक ग्रंथालयांत होतं, ‘निस्सात’ ही सरकारी यंत्रणा ते पुरवायची. ते मागं पडलं, पण त्यातल्या नोंदी आयएसओ २७०९ या ठरलेल्या साच्यात बाहेर काढता यायच्या. म्हणून त्या पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये नेता आल्या. ज्याचा साचा फक्त त्यालाच कळतो, ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, मी घेणार नाही.

शेवटी आम्ही साधा तक्ता केला, लिबरऑफिसमध्ये, आणि त्याची एक प्रत निव्वळ अक्षरांच्या सीएसव्ही फाइलीत. प्रत्येक फ्लॉपीला आमचा क्रमांक, चिकटपट्टीवरचा मजकूर जसाच्या तसा, ताईंनी सांगितलेला अर्थ, किती भागांपैकी कितवा भाग, वाचता आली की नाही. गावाच्या रकान्यात ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ अशी दोन्ही नावं लिहिली. नाव २०२४ मध्ये बदललं, फायलींमध्ये जुनंच आहे. पुढं शोधणारा कोणतंही टाकेल. फायलींची यादी मात्र त्या खास सॉफ्टवेअरनंच करून घेतली, हातानं कोण लिहिणार?

आणि एक रकाना फॉन्टचा. तो मी आग्रहानं घातला. तेव्हाचं मराठी युनिकोडमध्ये नव्हतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. कोणता फॉन्ट ते माहीत असेल तर तिचं युनिकोड करता येतं, नसेल तर अंदाज बांधत बसायचं. याच नगरमध्ये १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघालं. त्याचा जुना अंक हाती आला तर भिंग घेऊन का होईना वाचता येतो. १९९६ च्या फ्लॉपीचं तसं नाही.

कुणाच्या घरी अशा फ्लॉप्या असतील तर एवढं ऐका. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, तो साडेतीन इंचीच वाचतो. सव्वापाच इंचीला जुनं यंत्र किंवा जाणकार गाठावा लागतो. घालण्याआधी कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकूनही वर काही लिहिलं जाणार नाही. आतल्या चकतीवर बुरशी दिसली तर घालूच नका, ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढची फ्लॉपीही. आणि पहिल्याच वेळी पूर्ण प्रतिमा काढून घ्या, यादी तिच्यावरून करा. जुनी फ्लॉपी पुन्हा पुन्हा वाचायला मिळेलच असं नाही.

आता त्या ‘बीएचजी’ची गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी आयाबायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. पुस्तक काढायचं म्हणून टाइप करून घेतल्या, पैसे जमले नाहीत, पुस्तक राहिलं. गुरुजी वारले. वह्यांना वाळवी लागली. मजकूर ‘एआरजे’नं दाबून तीन फ्लॉप्यांवर तोडून ठेवलेला, आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या खोक्यांत होत्या. तक्त्यात ‘३ पैकी १’ असं लिहिलं म्हणून उरलेल्या दोन शोधल्या. पहिली आणि तिसरी नीट निघाली. मजकूर श्रीलिपीतला, तो युनिकोडमध्ये आला आहे. गुरुजींच्या मुलीनं त्यातल्या आजीच्या ओव्या लगेच ओळखल्या.

दुसऱ्या फ्लॉपीचे काही भाग मात्र यंत्राला वाचता येत नाहीत. तिच्यापुढं आम्ही ‘अपुरी’ असं लिहून ठेवलंय. गुरुजींनी टाइप केलेल्या पानांच्या प्रती तपासायला म्हणून दोन-तीन गावांत दिल्या होत्या, असं ताईंना आठवतं. पारनेरकडच्या कुणाच्या फडताळात तसा गठ्ठा असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.