गणवेशाआडचे मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आनंदाचे बोलावे असा प्रघात आहे. तरीही मी आज थोडा अवघड विषय घेतला आहे, कारण आपल्या सभासदांत पोलिसांच्या माता आहेत, पत्नी आहेत आणि गणवेश घालणाऱ्या भगिनीही आहेत. ज्यांच्या मेंदूची घडण जन्मतः निराळी आहे अशी माणसे पोलीस खात्यात काम करतात, तेव्हा त्यांच्या मनावर कोणता भार पडतो आणि त्याचा अभ्यास कसा करावा, हा तो विषय होय.

स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता ही नावे आता आपल्या कानांवरून गेली आहेत. लिओ कॅनर यांचा स्वमग्नतेवरील प्रसिद्ध निबंध 1943 सालचा. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्या 1996 पासून. पण ही सारी चर्चा मुलांपुरती राहिली. मूल मोठे होते, नोकरीला लागते. घडण मात्र तीच राहते. आज पन्नाशीला आलेल्या हवालदाराच्या शाळेत हे शब्द कुणी उच्चारलेही नसतील. त्याला 'आळशी' किंवा 'तिरसट' एवढीच विशेषणे मिळाली असतील.

आता आपल्या पुण्यातला विसर्जनाचा बंदोबस्त डोळ्यांपुढे आणा. मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घालणारे नियम 2000 सालचे आहेत. लक्ष्मी रस्त्यावर मात्र काही वर्षी आवाज शंभराच्या पुढे गेलेला आहे. आपल्याला घटकाभर कानांवर हात ठेवता येतात. ज्याला आवाज, उजेड आणि गर्दीचा स्पर्श इतरांहून कितीतरी तीव्रपणे जाणवतो, त्या शिपायाने काय करावे? तो उभा राहतो, आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलत नाही. घरच्यांना वाटते, हा रागावला आहे.

याहून मोठा भार लपवण्याचा आहे. साहेबांच्या नजरेला नजर द्यायची, थट्टा कळली नाही तरी हसायचे, पंचनामा लिहिताना अक्षरे उलटसुलट दिसली तरी ते कुणाला कळू द्यायचे नाही. ब्रिटनमध्ये स्वमग्न प्रौढांविषयी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असे लपवणे आणि जीव नकोसा होणे यांचा संबंध आढळला. म्हणजे दुःख केवळ घडणीचे नव्हे. ती झाकत राहण्याचे आहे.

मग तो सांगत का नाही? 2016 च्या दिव्यांग कायद्याने स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांना मान्यता दिली आणि सरकारी नोकऱ्यांत काही जागाही राखल्या. पण 18 ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेने भारतीय पोलीस सेवा आणि केंद्रीय सशस्त्र दलांतील लढाऊ पदे या आरक्षणातून वगळली. हे वाचणाऱ्याला 'सांगितले तर नोकरी जाईल' असे वाटल्यास नवल नाही.

त्याच वर्षी 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मात्र दिलासा दिला. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यास मंत्रचळ व नैराश्य यांनी ग्रासले होते. हा आजार आहे, जन्मजात घडण नव्हे. तथापि तत्त्व तेच लागू पडते. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटले की त्याला कायद्याचे संरक्षण आहे. सध्याचे काम झेपत नसेल तर वेतन कमी न करता दुसरे द्यावे, आणि ते बंदुकीशी संबंध नसलेले ठेवता येईल. म्हणजे काढून टाकणे हा एकच मार्ग नाही.

आता अभ्यासाविषयी. पहिली गोष्ट, प्रश्नपत्रिका वरिष्ठांच्या हातून वाटली तर 'सर्व ठीक आहे' हेच उत्तर येणार. विचारणारा खात्याबाहेरचा हवा आणि नाव गुप्त राहील याची हमी हवी. दुसरी, प्रश्न पारखून घ्यावेत. 'लोकांत मिसळणे टाळावेसे वाटते काय?' याचे 'हो' हे उत्तर एकाच्या बाबतीत उदासपणाची खूण असेल, तर दुसऱ्याचा तो जन्मभराचा स्वभाव असेल. म्हणून 'पूर्वीपेक्षा काही बदल झाला काय?' असे विचारावे. ज्याला वाचन जड जाते त्याला प्रश्न वाचून दाखवावेत. तिसरी, पोलीस सरासरी चौदा तास काम करतात असे 2019 च्या एका देशव्यापी अहवालात नमूद आहे. थकलेले तर सारेच आहेत. तेव्हा एकाच ठाण्यातल्या, एकाच पाळीच्या माणसांची तुलना केल्याशिवाय कोणता भार ड्यूटीचा आणि कोणता लपवण्याचा, हे कळावयाचे नाही. आणि घरच्या माणसांना विचारायचे ते त्याच्या संमतीनेच. पत्नीचे शब्द पतीविरुद्धचा पुरावा होता कामा नयेत.

ब्रिटनमध्ये पोलिसांनी 2015 मध्ये स्वमग्न सहकाऱ्यांसाठी आपली संघटना काढली. आपल्याकडेही बदल अशक्य नाही. महाराष्ट्रात महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग 2021 मध्ये सुरू झालाच की!

भगिनींनो, अभ्यासक येतील तेव्हा येतील. तोवर आपण एवढे खचित करू शकतो: बंदोबस्ताहून आलेल्या माणसाला लगेच प्रश्न विचारू नयेत, दिवा मंद करावा, शेजारच्या वहिनींनी मन मोकळे केले तर ते चार घरी सांगू नये. फारच जड झाले तर सरकारची 'टेलिमानस' सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतून बोलता येते. जो सर्वांची राखण करतो, त्याला आपल्या वाड्यात तरी काही लपवावे लागू नये.