भिंतीपलीकडचा वर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जुन्या शिक्षिकेने नव्या शिक्षिकेला हाताशी धरावे ते कशासाठी? त्याचा वेगळा पगार नाही की मानपत्र नाही. याचे उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळाले.

मी चौथीवर असताना पहिलीला एक नवी मुलगी शिक्षणसेविका म्हणून आली. तिच्या वर्गाचा गलबला भिंतीपलीकडून ऐकू येई. मी मनात म्हणे, ‘आम्ही नाही का ठेचा खात शिकलो? तीही शिकेल.’ वर्षभर ती एकटीच झगडली. पुढे तीच मुले चौथीत माझ्यासमोर बसली. जोडाक्षर आले की कितीतरी जणांची वाचा बंद होई. मग मला उमगले, की भिंतीपलीकडचा वर्गही माझाच होता.

आणि मी एकटीने शिकले, हे तरी कुठे खरे होते? माझ्या पहिल्या महिन्यात शेजारच्या वर्गातील बाई मधल्या सुट्टीत आपला डबा बाजूला ठेवून मला पाठाची टाचणे करायला शिकवीत. ते ऋण मी सोयीस्करपणे विसरले होते.

आपल्या फलटणचेच उदाहरण पाहा. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी मॅक्सीन बर्नसन १९६६ साली अमेरिकेतून येथे आल्या आणि इथल्याच झाल्या. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू केले. आपली शाळा चांगली चालली, एवढ्यावर त्यांची प्रगत शिक्षण संस्था थांबली नाही. मुलांना वाचायला कसे शिकवावे, हे ती जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपर्यंतही घेऊन गेली. हातचे राखून ठेवले असते, तर ते ज्ञान एका आवारातच राहिले असते.

पुढच्या खेपेस नवी शिक्षिका आली, तेव्हा मी तिच्या वर्गात मागे जाऊन बसले. तिने विचारले, “बाई, जोडाक्षर आधी फोडून दाखवायचे, की सबंध शब्दातच?” इतकी वर्षे शिकवूनही मी याचा विचार केला नव्हता! आम्ही दोघींनी दोन्ही रीती करून पाहिल्या. शिकवायला गेले आणि शिकून आले.

भगिनींनो, परगावची एखादी शिक्षिका आपल्या आळीत खोली घेऊन राहत असेल. शाळेत आम्ही तिच्या पाठीशी उभ्या राहू. संध्याकाळी तुम्ही तिला चहाला हाक मारा. तिच्या हाती आपलीच मुले आहेत.