आधी कुदळ, मग ट्रॅक्टर

(वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा येथील बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय बाजारभावाचा नाही, कर्जाचा नाही, विजेचाही नाही. आजचा विषय पायाखालच्या मातीचा आहे. पण मातीचा हिशेब मांडायला बसलो की तो फिरून उत्पादनखर्चावरच येतो, म्हणून तो या बैठकीत घेतला आहे.

वडनेरपासून हिंगणघाटपर्यंत कोणत्याही पारावर बसा, एक तक्रार ऐकू येतेच. वावर कडक झाले. पाऊस पहिल्यासारखा मुरत नाही. दोन दिवसांची झड लागली की सोयाबीन पिवळे पडते. पऱ्हाटी हिरवीगार उभी असते, मोठा पाऊस होऊन कडक ऊन पडले की माना टाकते. तक्रार खरी आहे. मग उपाय सांगणारे येतात. एक म्हणतो, खोल नांगरा. दुसरा म्हणतो, रोटाव्हेटर मारा. तिसऱ्याजवळ जमीन भुसभुशीत करणारी बाटली असते. तिघांच्याही उपायाला पैसे लागतात आणि तिघांपैकी एकानेही वावरात खड्डा खणून पाहिलेला नसतो. नाडी न पाहता औषध देणारा वैद्य आपण घरात घेत नाही. मग वावरात का घ्यावा?

वाफसा म्हणजे काय?

चांगल्या मातीत खरी माती साधारण अर्धीच असते. बाकीचा अर्धा भाग पोकळ्यांचा. त्या पोकळ्यांत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असली की आपण म्हणतो, वाफसा आला. पाऊस थांबला की वखर धरण्याआधी आपला माणूस ढेकूळ हातात घेऊन वाफसा पाहतो. मुळाला पाण्याइतकीच हवाही लागते, हे त्याला कोणत्याही पुस्तकाआधी ठाऊक होते.

पोकळ्या पाण्याने भरल्या किंवा दाबून बुजल्या की मुळाचा श्वास कोंडतो. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणून पाणी साचले की दोन दिवसांत पिकाचा चेहरा बदलतो. याचे पैशातले नुकसानही समजून घ्या. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात; त्या गाठी गुदमरल्या की फुकटचे खत बंद. आणि आपण विकत आणून टाकलेल्या युरियातला नत्रही कोंडलेल्या जमिनीत वायू होऊन उडून जातो. म्हणजे घरचे खत बंद आणि दुकानचे खत हवेत.

हे ज्ञान नवे नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी शंभर वर्षांपूर्वी बिहारातील पुसा येथे जमिनीला लागणाऱ्या हवेवर काम केले. १९२४ पासून ते इंदूरला होते, आपल्यासारख्याच काळ्या कपाशीच्या जमिनीत. पावसाळ्यात काळी माती फुगते, पोकळ्या बुजतात आणि कपाशीच्या मुळांना हवा मिळत नाही, असे त्यांना दिसले. पाण्याचा निचरा आणि कंपोस्ट हे त्यांचे उपाय. १९३१ मध्ये इंदूर कंपोस्टचे पुस्तक निघाले. त्या उपायांत महागडे यंत्र कुठेच नव्हते.

काळी माती स्वतःला नांगरते

मोठ्या शहरात क्रिकेटच्या मैदानाची आणि हिरवळीची जमीन तुडवून कडक होते. तिथे एक यंत्र फिरवतात. त्याला पोकळ नळ्या असतात. त्या मातीची बोटभर लांब गुल्ली उपटून बाहेर काढतात आणि छिद्रातून हवा आत जाते. नुसता खिळा टोचला तर छिद्राच्या कडा आणखी दाबल्या जातात, म्हणून माती काढूनच घ्यावी लागते. काम चांगले, पण खर्चिक.

आपल्या वणा-वर्धेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीला हे यंत्र निसर्गानेच दिले आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत वरची भुरभुरीत माती आणि पालापाचोळा पडतो, पावसाळ्यात भेग मिटते आणि वरचे खाली जाते. मातीचे शास्त्रज्ञ अशा जमिनीला व्हर्टिसोल म्हणतात. उलटणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव आले आहे. म्हणून उन्हाळ्यात भेगा दिसल्या की घाबरू नका. भेग म्हणजे बिनभाड्याचा नांगर. आपले पहिले काम त्या नांगराच्या आड न येण्याचे आहे.

मग वावर दाबते कोण?

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा आकडा वाचा. पुष्कळ ट्रॅक्टरांवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. त्यातला १३.६ म्हणजे टायरची इंचातली रुंदी. दोन टायरांची मिळून सव्वादोन फूट झाली. मागे ५ फुटी रोटाव्हेटर असेल, तर एका वेळच्या कामात जवळजवळ अर्धे वावर चाकाखाली येते. दोन कामे वेगवेगळ्या रेघेने केली की बहुतेक सगळे. आणि ओल्या मातीत होणाऱ्या नुकसानापैकी मोठा वाटा पहिल्याच फेरीत होऊन जातो.

बैलाचे खूरही दाबतात, नाही असे नाही. पण तो दाब वरवरचा. वखराची पास तो मोकळा करते. जड यंत्राचा दाब खाली जातो, जिथे वखर पोहोचत नाही. रोटाव्हेटरची पाती दर वर्षी एकाच खोलीवर फिरतात आणि त्यांच्याखाली कडक थर धरतो. ट्रॅक्टरच्या नांगराचे एक चाक तासात चालते, त्याच्याही खाली थर धरतो. वरून वावर मैद्यासारखे दिसते आणि खाली तवा तयार होतो.

म्हणून यंत्र नको, असे आमचे म्हणणे नाही. गावोगाव बैलजोड्या कमी झाल्या, सालदार मिळत नाही, आणि घरची बैलजोडी फुकट पडते असेही नाही. तिचा चारा, तिची राखण, घरच्या माणसाची मजुरी हे सगळे उत्पादनखर्चातच मोजले पाहिजे. यंत्र वापरायचे, पण त्याची वेळ मातीने ठरवली पाहिजे.

कुदळीची तपासणी

यासाठी लागते एक कुदळ, एक पेचकस आणि अर्धा दिवस. चांगला पाऊस होऊन वाफसा आला की तीन ठिकाणी दीड-दीड फूट खोल खड्डे करा. एक जिथे ट्रॅक्टर वळतो तिथे, एक वावराच्या मध्ये आणि एक धुऱ्याजवळ, जिथे चाक कधी गेलेले नाही. धुऱ्याजवळचा खड्डा आपला मोजमापाचा खड्डा. बाकीचे दोन त्याच्याशी ताडून पाहायचे.

खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली पेचकस टोचत या. कुठे अडतो? किती इंचांवर? थर किती जाड? मग पऱ्हाटीचे किंवा तुरीचे झाड मुळासकट काढा. सोटमूळ सरळ खाली गेले असेल तर वावर ठीक आहे. ठरावीक खोलीवर ते आडवे वळले असेल तर तिथेच थर आहे. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे.

शेवटची परीक्षा पेल्याची. पावसाच्या स्वच्छ पाण्यात मातीचे वाळलेले लहान ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ फुटून खाली बसले तर चिंता नाही. त्याच्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरून तसाच राहिला, तर जमीन चोपण होत असल्याची शंका घ्या. तिथे नांगर, रोटाव्हेटर, सबसॉयलर काहीच कामाचे नाही. तिथे माती तपासून, गरज निघाली तर जिप्सम आणि निचरा. तपासणीसाठी सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे.

उपाय, खर्चाच्या क्रमाने

पहिला उपाय बिनपैशाचा. ओल्या वावरात चाक घालू नका. चार-सहा इंचांखालची माती घेऊन तळहातावर वळा. पेन्सिलीएवढी वळी झाली तर थांबा. वळताना तुटली तर काम करा. आत जावेच लागले तर दर वर्षी त्याच रेघेने जा आणि भरलेली ट्रॉली धुऱ्यावरच उभी करा.

दुसरा उपाय निचऱ्याचा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वाफा आणि सरी ही पद्धत विकसित केली: सुमारे १ मीटरचा वाफा आणि अर्ध्या मीटरची सरी. त्यासाठी बैलांनी ओढायचे चाकांचे मोठे अवजार निघाले, पण किमतीमुळे ते शेतकऱ्याच्या दारात टिकले नाही. पद्धत मात्र टिकली. आपल्याकडे सोयाबीनच्या काही ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवतात आणि डवऱ्याच्या जानोळ्याला गच्च दोरी गुंडाळून तिथे सरी पाडतात. खर्च दोरीचा. जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पाऊस कमी झाला तर तीच सरी पाणी धरते.

तिसरा उपाय मुळांचा आणि खताचा. तुरीचे सोटमूळ खोल जाते, कुजते आणि मागे पोकळ वाट ठेवून जाते. पऱ्हाटीत आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी आपण दाळीसाठी घेतोच. पुढच्या वर्षी त्या ओळींची जागा बदला, म्हणजे दाळीसोबत नांगरटही मिळेल. पडीक तुकड्यात बोरू किंवा धैंचा पेरून फुलावर येताच गाडा. पऱ्हाटी जाळू नका, बारीक करून कुजवा. गुलाबी बोंडअळीमुळे ती धुऱ्यावर रचून ठेवणेही बरे नाही. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नाडेप काका पांढरीपांडे यांनी दिलेले टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. विटांच्या भिंतींत मुद्दाम भोके ठेवलेली. भोके कशाला? हवेला. कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मुळांसारखाच श्वास लागतो. साधारण १०० किलो शेणात बाकी काडीकचरा आणि माती घालून एका टाक्यातून सुमारे ३ टन खत मिळते. ज्याच्या गोठ्यात एकच गाय उरली, त्यालाही हे जमते.

शेवटचा उपाय सबसॉयलरचा. खड्ड्यात ८ ते १२ इंचांवर थर सापडला असेल तरच. थराच्या दोन-तीन इंच खाली फाळ जाईल इतकाच खोल, आणि माती कोरडी असतानाच. कोरड्यात थर तडकतो. ओल्यात लोण्यातून सुरी जावी तशी फक्त चीर पडते आणि भाडे तेवढे लागते. काम झाले की पुन्हा त्यावर ओल्यात चाक घालाल, तर खर्च पाण्यात.

हिशेब पाहा. समजा भाडे एकरी २,००० रुपये आणि वावर ५ एकर. डोळे मिटून सगळीकडे मारले तर १०,०००. खड्ड्यांत थर दीड एकरातच निघाला तर ३,०००. वाचलेले ७,००० ही त्या अर्ध्या दिवसाच्या कुदळीची मजुरी. तुमच्या गावचा दर घाला आणि आकडा स्वतः काढा.

पाळी वाफशाची, पैशाची नाही

एक खरी अडचण उरते. ज्याचा ट्रॅक्टर घरचा, तो वाफसा पाहून काम करतो. ज्याचा भाड्याचा, त्याला ट्रॅक्टर येईल तेव्हा काम करावे लागते. दोन-तीन एकरवाल्याची पाळी शेवटी येते. कधी चिखलात, कधी वाफसा गेल्यावर. म्हणजे जो आधीच अडचणीत, त्याचेच वावर जास्त दाबले जाते. यावर तोडगा शेजाऱ्यांनीच काढायचा आहे. लागून असलेल्या आठ-दहा वावरांनी मिळून ट्रॅक्टर ठरवावा, म्हणजे मालकालाही रिकामी धाव पडत नाही. मग ज्याच्या वावरात आधी वाफसा येईल त्याचे आधी. चढावरचे हलके रान आधी, खोलगटातले भारी रान नंतर. ओलेच असेल तर ट्रॅक्टर परत जाईल, आणि परत पाठवणारा एकटा पडणार नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. किती वावरांत खड्डे केले, थर किती इंचांवर निघाला, किती ठिकाणी निघालाच नाही आणि पेल्यातले पाणी दुधाळ कुठे झाले. मायबहिणींनी या मोजणीत असलेच पाहिजे. निंदणाला दिवसभर वावरात त्याच वाकलेल्या असतात. पाणी कुठे साचते आणि माती कुठे खुरप्याला दाद देत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. ते कागद समोर ठेवूनच आपण ठरवू, यंत्र कुठे बोलवायचे आणि कुठून परत पाठवायचे.