वाणसामानाच्या दुकानातील नासाडी आणि आपले कर्तव्य
(भिलाई येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलादाच्या या नगरीत वाणसामानाच्या दुकानाविषयी बोलणे काहींना क्षुल्लक वाटेल. म्हणून आपल्या कारखान्यापासूनच आरंभ करतो. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. झोतभट्टीचा वायू येथे इंधन म्हणून पुन्हा वापरला जातो. तिची मळी जामुलला सिमेंटच्या कामी येते. एका प्रक्रियेचा टाकाऊ भाग हा दुसरीचा कच्चा माल, हे येथील कामगार रोज पाहतो. मग सायंकाळी बाजारात नासकी भाजी उकिरड्यावर जाताना पाहून त्याने गप्प का बसावे?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात किरकोळ विक्रीचा वाटा १२ टक्के, उपाहारगृहे आदींचा २८ टक्के आणि घरांचा ६० टक्के होता. यावरून दुकाने निर्दोष ठरत नाहीत. ‘एकावर एक मोफत’ म्हणून गरजेपेक्षा अधिक माल गळ्यात मारला, की दुकानातील नासाडी गिऱ्हाइकाच्या घरी जाते, इतकेच. कुजणाऱ्या अन्नाच्या ढिगाखाली हवा पोचत नाही, तेथे मिथेन तयार होतो आणि वातावरणाची उष्णता वाढवतो. अन्नाबरोबर शेतकऱ्याचे श्रम, पाणी आणि खतही मातीमोल होते.

दुकानात काय करता येईल? जुना माल पुढे व नवा मागे ठेवावा. डाळ, तांदूळ, तेल गिऱ्हाइकाच्या पिशवीत व डब्यात, हवे तेवढेच मोजून द्यावे. मुदत संपण्यापूर्वीच माल उतरत्या भावाने काढावा. खाण्यायोग्य शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे नियम आहेत. त्यांचा उपयोग करावा. जे खाण्यायोग्य नाही त्याचे खत व्हावे. याच राज्यात अंबिकापूरला महिला बचत गटांनी घरोघरचा कचरा गोळा करून वेगळा करण्याचे काम चालवून दाखविले आहे.

तथापि एक इशारा दिला पाहिजे. पर्यावरणाच्या नावाने सारा भार लहान दुकानदारावर व हातगाडीवाल्यावर टाकला जातो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठराविक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. ती योग्यच होती. परंतु २०१६ च्या नियमांनी पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करावयाची होती. २०१८ च्या दुरुस्तीने, जी जाळून ऊर्जा मिळते किंवा ज्यांचा अन्य उपयोग होतो, त्या वेष्टनांना पळवाट मिळाली. पिशवी देणारा भाजीवाला दंड भरतो, आणि शाम्पूच्या व मसाल्याच्या पुड्यांनी गटारे तुंबविणारे कारखानदार मात्र मोकळे राहतात. कोपऱ्यावरचा वाणी आपला शत्रू नव्हे. वेष्टनाचा निर्णय त्याच्या हाती नाही. तो ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावर लढा रोखला पाहिजे.

मराठी कष्टकऱ्यांना १९७२ सालची मुंबई आठवत असेल. अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी व मृणाल गोरे यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. दुकानात काय येते, कोणत्या भावाने येते आणि कोठे दडविले जाते, हा राजकीय प्रश्न आहे, हे त्यांनी दाखवून दिले. नासाडीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. भाव टिकविण्यासाठी अन्न कुजू देणे आणि भुकेल्याला ते नाकारणे, ही बाजाराची एकच रीत होय.

म्हणूनच शिळ्या अन्नाच्या दानधर्माला आपण उत्तर मानत नाही. कंत्राटी कामगाराला उरलेसुरले नको, पुरेसे वेतन व पुरेसे रेशन हवे. छत्तीसगडमध्ये २००४ च्या आदेशाने रेशन दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था व महिला गटांकडे देण्यात आली. आरंभ तेथूनच करू या. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील एका दुकानाशी बोलावे, आठवडाभर काय वाया जाते ते मोजावे, आणि तो हिशेब घेऊन नगरपालिकेच्या दारी जावे. पोलाद वाया न घालविणारा कामगार भाकरीही वाया जाऊ देणार नाही!