माझे शेंगोळे फुटले, त्याची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोलले, जवळजवळ तसंच ठेवलं आहे. फक्त मधे कुकरची शिट्टी झाली होती, ती काढून टाकली आहे.)

कुणी बसमध्ये ऐकत असाल, कुणी भांडी घासता घासता. भांडी घासणाऱ्यांना माझा विशेष नमस्कार, कारण आजचा विषय तुमच्या जवळचा आहे. आज बोलायचंय घरच्या रेसिपीबद्दल. म्हणजे ती दुसऱ्याला सांगितली की काय होतं, त्याबद्दल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, मी नोकरीसाठी बंगळूरला राहते. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. तिथे थंडी-पावसात हमखास होणारा पदार्थ म्हणजे हुलग्याचे शेंगोळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हुलगे म्हणजे कुळीथ. कोकणात ज्याची पिठी करतात, तेच. त्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालायचं, घट्ट मळायचं, हातावर वळून लांब वळ्या करायच्या, त्यांची कडी करायची आणि झणझणीत रश्श्यात शिजवायची. रस्सा पीत पीत खायचे. सर्दी झाली असेल तर नाक मोकळं, आणि मन उदास असेल तर तेही जरा बरं.

आमच्या घरी शेंगोळे फक्त आजी करायची. आजी गेली, आणि दोन वर्षांनी एका पावसाळी रात्री मला शेंगोळे हवे झाले. आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, तुझी आजी मला त्या पातेल्याला हात लावू द्यायची नाही. मी फक्त लसूण सोलून द्यायचे." म्हणजे आमच्या घरात एकालाही शेंगोळे येत नव्हते. तीस-चाळीस वर्षं आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले, आणि कुणीही विचारलं नाही.

बरं, बंगळूरला हुलगे मागायचे कसे? दुकानात तीनदा "हुलगा, हुलगा" केलं, दुकानदार नुसता बघत राहिला. शेवटी आमच्या घरमालक आंटींना फोनवर फोटो दाखवला. त्या हसल्या, म्हणाल्या, "हे तर हुरळी!" त्यांच्याकडे त्याचं सारु होतं. मला तोपर्यंत वाटत होतं, हे धान्य फक्त आमच्याच माळरानावर येतं. हुलग्याला पाणी कमी लागतं, हलक्या जमिनीत येतो, म्हणून तो महाराष्ट्रात आहे तसा कर्नाटकात आणि आंध्रातही आहे. तेलुगूत त्याला उलवलु म्हणतात.

हुरळी आणली, मिक्सरला फिरवली, पीठ मळलं, वळ्या केल्या, पाण्यात सोडल्या आणि चमच्याने ढवळलं. पाच मिनिटांत सगळं विरघळलं. शेंगोळे गेले, पातळ पिठलं उरलं. मी तेच वाटीत घेऊन खाल्लं आणि रडले. पिठल्यासाठी नाही रडले. आजी गेल्यावर रडायचं राहून गेलं होतं, ते त्या दिवशी झालं.

ही गोष्ट मी या पॉडकास्टच्या एका भागात सहज, दोन मिनिटं सांगितली होती. त्याआधी मी पदार्थांबद्दल बोलायचे ते सगळे जमलेले पदार्थ असायचे. त्यावर तुम्ही "मस्त", "तोंडाला पाणी सुटलं" असं कळवायचात. छान वाटायचं, पण पुढे बोलणं व्हायचं नाही. फुटलेल्या शेंगोळ्यांनंतर मात्र व्हॉइस नोट यायला लागल्या. पाठांतर केल्यासारख्या नाहीत, स्वयंपाकघरातून केलेल्या. मागे कढईचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय.

संगमनेरच्या एक काकू म्हणाल्या, "बाळा, पाणी खळखळ उकळलं होतं का? नुसतं गरम पाणी चालत नाही." नाशिकच्या एका ताईंनी विचारलं, "पीठ चक्कीचं की मिक्सरचं? मिक्सरचं रवाळ राहतं, ते सुटणारच." बीडहून एका दादाने कळवलं की त्यांच्याकडे शेंगोळे ज्वारी आणि बेसनाच्या पिठाचे होतात, हुलग्याचे नाहीत. यावर पुढच्या आठवड्यात दोघा-तिघांनी "मग ते शेंगोळे नाहीतच" असं सुनावलं. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि माझी मिटवायची इच्छाही नाही.

सगळ्यात लक्षात राहिला तो कुवेतमधून बोललेला मुलगा. चौघं जण एका खोलीत राहतात. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा हा शेंगोळे करतो. आईला व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो. आई पीठ बघत नाही, त्याचे हात बघते. म्हणते, "अजून दाबतोयस, हलका हात ठेव." तो म्हणाला, "ताई, घरी असताना मी कधी स्वयंपाकघरात गेलो नव्हतो. आईशी एवढं बोलणं इथे आल्यावर सुरू झालं."

आता जरा कामाचं बोलू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अडचण एकच आहे: "आजीला विचारलं की ती म्हणते, अंदाजाने घाल." तर हा अंदाज लिहून काढायचा कसा? मला दोन वर्षांत तुमच्याकडूनच कळलेल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली, वजनकाटा. आजीला "किती पीठ?" विचारू नका. ती सुरू करायच्या आधी पिठाचा डबा काट्यावर ठेवा, आकडा लिहा. तिचं झालं की पुन्हा ठेवा. फरक म्हणजे तिची मूठ. मीठ, तेल, तिखट, सगळ्यांचं असंच. तिला तिच्या पद्धतीने करू द्या, मोजायचं काम तुमचं.

दुसरी, व्हिडिओ काढताना चेहरा नाही, हात घ्या. आणि बोटाने दाबल्यावर पीठ कसं दिसतं, ते जवळून घ्या.

तिसरी, "किती वेळ शिजवायचं?" याऐवजी विचारा, "झालं हे तुला कसं कळतं?" वेळ विचारली की ती काहीतरी ठोकून देते. कसं कळतं विचारलं की खरं उत्तर येतं: कच्च्या हुलग्याचा वास जातो, रश्श्यावर तेल दिसायला लागतं, उकळीचा आवाज जड होतो.

हे मोजमापाचं दुखणं आपलंच आहे असं समजू नका. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ हे एक हजार पाकक्रियांचं पुस्तक १९१० साली आलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, आणि कितीतरी लेकी सासरी जाताना, परदेशी जाताना ते बॅगेत घेऊन गेल्या. वाटी-चमच्याचं माप होतं, त्यामुळे आई शेजारी नसली तरी जमायचं. म्हणजे आपण आज व्हॉइस नोटवर जे करतोय, ते आपल्याआधी कितीतरी बायकांनी छापून केलं आहे.

पण आता मला जी गोष्ट सांगायचीय, ती सांगायला मी चार महिने घेतले.

शेंगोळे जमल्यावर मी एका भागात अगदी अभिमानाने रेसिपी सांगितली. "आमच्या आजीचे पारंपरिक शेंगोळे" असं म्हणाले. त्यावर आमच्याच भागातल्या एका ताईंची व्हॉइस नोट आली. आवाज शांत होता. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे हे पावसाची हौस म्हणून होत असेल. आमच्याकडे दुसरं काही नसायचं म्हणून व्हायचं. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, मजुरीत हुलगे मिळायचे. बहात्तरच्या दुष्काळाचं तर ती अजून सांगते. रेसिपी चांगली सांगितलीत, पण ही कुणाची, ते एकदा घरी विचारा."

खरं सांगू? मला राग आला. वाटलं, मी एवढ्या प्रेमाने सांगितलं, आणि यात काय काढायचं? दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग आईला फोन केला आणि विचारलं, "आजी शेंगोळे कुणाकडून शिकली?"

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या शेतावर खुरपणीला एक बाई यायच्या. दुपारी बांधावर तीन दगडांची चूल मांडून करायच्या. तुझ्या आजीने बघून बघून शिकलं." मी म्हटलं, "मग आजी त्यांच्यासोबत जेवायची?" आई म्हणाली, "नाही गं. त्यांच्या हातचं कसं खाणार? त्या काळी तसंच होतं." मी त्यांचं नाव विचारलं. आईला आठवत नाही.

मंडळी, मला माझी आजी फार आवडायची, अजून आवडते. पण तिने ज्यांच्या हातचं खाल्लं नाही, त्यांची रेसिपी आमच्या घरी ‘आजीची’ झाली, आणि त्यांचं नावही राहिलं नाही. हे मला नुसतं ‘त्या काळी’ म्हणून सोडून देता येत नाही.

मी त्या ताईंना फोन केला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कशाला, पुढच्या वेळी सांग म्हणजे झालं." आणि मग अर्धा तास त्यांच्या आईच्या शेंगोळ्यांबद्दल बोलल्या. त्यांनीच मला शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचायला सांगितलं. मराठवाड्यातल्या दलित घरांमधलं खाणं त्यात आहे. २०१५ सालचं मराठी पुस्तक आहे, २०२४ मध्ये इंग्रजीतही आलं. ते वाचताना मला कळलं की आपण ज्याला ‘मराठी जेवण’ म्हणून सांगत असतो, त्यात किती चुली मोजलेल्याच नसतात.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक रेसिपीच्या वर एक ओळ असते: कुणाकडून. शेंगोळ्यांच्या पानावर लिहिलंय, "खुरपणीला येणाऱ्या बाईंकडून, बघून. नाव माहीत नाही." गावी गेले की अजून विचारते. कुणाला तरी आठवेल.

आता रेसिपी, सगळ्यांच्या दुरुस्त्यांसकट. तीन-चार माणसांना पुरेल.

दोन वाट्या हुलग्याचं बारीक दळलेलं पीठ. त्यात पाव वाटी गव्हाचं पीठ, कारण हुलग्याच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नसतो, गव्हामुळे ते धरून राहतं. वाटणासाठी दहा-बारा लसूण पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या, चमचाभर जिरे, मूठभर कोथिंबीर. पाणी न घालता जाडसर वाटा. अर्धं वाटण, हळद, मीठ पिठात घालून अगदी थोड्या पाण्यात घट्ट मळा. दहा मिनिटं झाकून ठेवा.

हाताला तेल लावून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वळ्या करा, टोकं जुळवून कडी करा. हातावर जमत नसेल तर ताट उपडं घालून त्यावर वळा. ही युक्ती कुवेतची. लिंबाएवढं पीठ बाजूला ठेवा.

पातेल्यात तीन चमचे तेल, मोहरी, जिरे, उरलेलं वाटण, हळद, लाल तिखट. लसणाचा वास सुटला की सहा वाट्या पाणी आणि मीठ. पाणी खळखळ उकळू द्या. हे संगमनेरच्या काकूंचं. मग शेंगोळे थोडे थोडे सोडा, उकळी मोडता कामा नये. उकळत्या पाण्यात वरचा थर पटकन शिजून घट्ट होतो, म्हणून ते फुटत नाहीत. पहिली पाच मिनिटं चमचा लावू नका. मीही नाही लावत आता. मग अर्धवट झाकण ठेवून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं. बाजूला ठेवलेलं पीठ पाण्यात कालवून वरून ओता, म्हणजे रस्सा दाट होतो. एक शेंगोळा मोडून बघा, आत कोरडं पीठ दिसलं नाही की झालं. वरून कच्चं तेल किंवा तूप, सोबत कांदा.

मी केले की एक वाटी घरमालक आंटींकडे जाते. ती वाटी कधी रिकामी परत येत नाही. गेल्या वेळी हुरळीचं सारु आलं. त्याची रेसिपी मी लिहून घेतलीय, वर त्यांचं नाव घालून.

तर या रविवारी एक काम करा. घरातला एक पदार्थ निवडा, आणि तो जिला किंवा ज्याला येतो त्यांच्याशेजारी उभे राहा. लांब असाल तर फोन डब्याला टेकवा. आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पदार्थ फसला असेल तर आधी पाठवा. त्यात एवढं सांगा: काय चुकलं, झालं हे कसं कळतं, आणि तुम्ही कुणाकडून शिकलात. त्यांना विचारून, त्यांना चालत असेल तर त्यांचं नावही सांगा. पुढच्या भागात मी ती नावं वाचून दाखवणार आहे.

चला, माझं पाणी उकळलंय. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि जेवलात का ते एकमेकांना विचारत राहा.