भोसरीतलं अडकलेलं बिल

पुण्याची मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही उद्योजकांची संस्था 1934 सालची. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती त्यानंतर वीस वर्षांनी, आणि एमआयडीसी आली 1962 मध्ये.

शहरात नोकऱ्या वाढायच्या तर विमानतळ आणि दळणवळण सुधारा, हा चेंबरचा जुना आग्रह. तो रास्तच आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, आणि हिंजवडीची वाहतूककोंडी तर सर्वांच्या परिचयाची.

पण नोकऱ्यांचं मोठं कोठार लहान कारखान्यांत आहे. भोसरीतली एखादी शेड घ्या. दोन सीएनसी यंत्रं, चार कामगार. स्टील रोखीनं आणलेलं, सुटे भाग पोचते झालेले, बिल मात्र मोठ्या कंपनीकडे अडकलेलं. पगाराची तारीख गाठतानाच मालकाची दमछाक होते, मग तो नवा माणूस ठेवणार कसा?

2006 च्या एमएसएमई कायद्यानं अशा पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायलाच हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तरीही पुढची ऑर्डर जाईल या धास्तीनं लहान उद्योजक तक्रार करायला धजत नाही. धोरणाच्या यादीत हा विषय सर्वांत वर हवा. 2023 च्या अर्थसंकल्पानं त्या दिशेनं एक पाऊल टाकलं: मुदतीत न चुकवलेल्या बिलाची करवजावट खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते.