बियाण्याची मालकीण आणि ग्रामसभा
(पिंपरी पेंढार येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील महिला सत्रात दिलेले व्याख्यान)



आपण बसलो आहोत तो जुन्नर तालुक्याचा पूर्वेकडील, पाटपाण्याचा भाग. येथे कांदा, टोमॅटो पिकतो आणि त्याचे बियाणे दुकानातून येते. परंतु आपल्या महादेव कोळी समाजाची मूळ घरे पश्चिमेच्या डोंगरात. तेथे वरकस उतारावर नाचणी, वरई आणि खुरासणी होते. त्यांचे बियाणे दुकानात नव्हे, घरातील मडक्यात, राखेत ठेवलेले असे. कोणते कणीस बियाण्यास राखावे हे माझी आजी ठरवी. आजोबांनी त्यात कधी तोंड घातल्याचे मला आठवत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी आपल्याच समाजाच्या राहीबाई पोपेरे यांनी हे ज्ञान जपले. त्या शाळेत गेल्या नाहीत. घेवडा, वाल, भात अशा गावठी वाणांची त्यांनी बियाणे बँक उभारली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण सत्कार केले, हारतुरे घातले. ते योग्यच झाले. पण घरच्या राहीबाईंना ग्रामसभेत पुढच्या रांगेत आपण बसवतो काय?

बाळहिरड्याचेच पाहा. जुन्नर-आंबेगावच्या रानात तो वेचणे, वाळविणे यांत स्त्रियांचे दिवसच्या दिवस जातात. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात झाडे मोडली तेव्हा त्यांचाही हंगाम बुडाला. अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेकडे दिली आहे. म्हणजे हिरड्याचा विचार जेथे व्हावयाचा, तेथे तो वेचणारी हजर हवी. वनहक्काच्या नियमांनुसार तर त्या ग्रामसभेस उपस्थित असलेल्यांपैकी किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. कित्येकदा सभा उरकल्यावर घरोघर वही फिरते आणि सह्या, अंगठे घेतले जातात. अशा वहीवर सही करू नका, एवढीच माझी विनंती आहे.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले मी पाहिले आहेत. (येथील काही मंडळी हसत आहेत, त्यांना ती खुर्ची ओळखीची असावी!)

बंधूंनो, आपणांसही सांगणे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांना मिळणारा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे असतो. आज घरी गेल्यावर पेटीतील कागद काढून आपल्या कारभारणीचे नाव त्यावर आहे की नाही ते वाचा. नसेल तर पुढील ग्रामसभेत तो विषय आपणच मांडा. आणि भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. ती कोणत्या दिवशी आहे हे ग्रामपंचायतीत विचारा, आणि हिरड्याचा भाव हा पहिला विषय लिहून द्या.